सुकाणू कोणाच्या हाती? दिव्यांगांच्या नौकाविहारासाठी संस्था उभारताना

धक्का आणि नौका यांच्यामध्ये अंतर ते किती? भरतीच्या वेळी हातभर, ओहोटीला फार तर पुरुषभर. धडधाकट माणूस ते एका ढांगेत ओलांडतो आणि आपण काही ओलांडले याची त्याला जाणीवही होत नाही. परंतु ज्याच्या पायांत बळ नाही, ज्याला दिसत नाही किंवा ज्याचा तोल सावरत नाही, त्याला तेवढे अंतर समुद्राएवढे वाटते. समुद्रकाठी जन्मून, रात्रंदिवस त्याची गाज ऐकूनही ज्यांनी नौकेत कधी पाऊल ठेवले नाही, अशी माणसे किनाऱ्यावरच्या गावांतून आढळतात. घरच्यांचे त्यांच्यावर प्रेम नसते असे मुळीच नाही. बहुधा प्रेमापोटीच विचारले जाते, ‘‘कशाला उगाच धोका पत्करायचा?’’ आणि तेथेच तो विषय संपतो.

दिव्यांगांना नौकाविहार घडविणाऱ्या सेवाभावी संस्थांचे कार्य नेमके या प्रश्नापाशी सुरू होते. धोका नाही असे त्या म्हणत नाहीत. पाणी म्हटले की धोका आलाच. मात्र तो किती, कशाने कमी होतो आणि तो पत्करायचा की नाही हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, याचा त्या शांतपणे विचार करतात. अशा संस्थांचा सुमारे अर्धशतकाचा अनुभव ब्रिटनमध्ये साचलेला आहे. चहूबाजूंनी समुद्र, देशभर पसरलेले जुने कालवे आणि सेवानिवृत्तीनंतर स्वयंसेवा करण्याची रुजलेली पद्धत, या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्या. म्हणून या लेखात आम्ही तेथील काही संस्था कशा जन्मल्या, कशा चालल्या आणि त्यांतील एक का बंद पडली, हे वाचकांपुढे मांडत आहोत.

एका शिक्षकाची कल्पना

ख्रिस्तोफर रड हे शिक्षक होते आणि शिडाच्या होड्यांचे शौकीनही होते. आपल्या धडधाकट विद्यार्थ्यांना समुद्रावर जो अनुभव मिळतो, तोच आपण शिकवत असलेल्या दिव्यांग मुलांनाही मिळावा, एवढीच त्यांची मूळ इच्छा होती. राणी एलिझाबेथ यांच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव १९७७ साली झाला. त्यानिमित्त उभारलेल्या निधीतून ५० हजार पौंडांचे साहाय्य मिळाले आणि १९७८ साली ‘ज्युबिली सेलिंग ट्रस्ट’ ही संस्था स्थापन झाली. संस्थेच्या नावातील ‘ज्युबिली’ ती हीच.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हाती पैसा आला म्हणून संस्थेने लगेच जहाज बांधावयास घेतले नाही. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी तिने ‘सोरेन लार्सेन’ नावाचे शिडांचे जहाज भाड्याने घेतले आणि दिव्यांग व धडधाकट अशा मिश्र खलाशांच्या सफरी काढून पाहिल्या. कोठे अडते, कोठे खरचटते, कोणती कामे अशक्य वाटतात पण करता येतात आणि कोणती सोपी वाटतात पण जमत नाहीत, हे त्या सफरींतून कळत गेले. स्वतःचे जहाज आखण्यापूर्वी दुसऱ्याच्या जहाजावर शिकून घेण्याचा हा शहाणपणा, आमच्या मते, संस्थेच्या आरंभीच्या निर्णयांतील सर्वांत मोलाचा निर्णय होता.

त्या अनुभवाच्या बळावर कॉलिन मडी या नौकारचनाकारांनी ‘लॉर्ड नेल्सन’ या तीन डोलकाठ्यांच्या जहाजाचा आराखडा केला. १९८४ साली एसेक्समधील विव्हेनहो येथे बांधणी सुरू झाली, १९८५ च्या ऑक्टोबरात जहाज पाण्यात उतरले आणि १९८६ च्या ऑक्टोबरात ते साउदॅम्प्टनहून फ्रान्समधील शेरबुर बंदराकडे पहिल्या सफरीवर निघाले. पायाभूत कल्पनेपासून पहिल्या सफरीपर्यंत आठ वर्षे गेली होती. संस्था काढू इच्छिणाऱ्यांनी हा आकडा मनात ठेवावा.

या जहाजाची रचना मुळापासून वेगळी होती. डेक रुंद व सपाट ठेवलेला होता. एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर चाकांची खुर्ची नेण्यासाठी यांत्रिक उद्वाहक होते. दृष्टिहीन खलाशाला दिशा कळावी म्हणून बोलणारे होकायंत्र बसविले होते. ते अंश उच्चारून सांगे आणि सुकाणूचे चक्र हाती धरलेली व्यक्ती त्यानुसार जहाज वळवी. कठड्यांवर हाताला लागतील अशा खुणा होत्या, त्यांवरून नाळ कोणत्या बाजूला आहे हे बोटांनी समजे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या अंथरुणाखाली संकटसूचना देणारी कंप पावणारी गादी असे. नाळेपुढे समुद्रावर झेपावलेली जी आडवी काठी असते, तिच्यावर धडधाकट खलाशीही जपूनच चालतात. ‘लॉर्ड नेल्सन’वर ती एवढी रुंद केली होती की चाकांची खुर्ची तिच्या टोकापर्यंत जावी. खाली लाटा, समोर मोकळे क्षितिज आणि मागे सारे जहाज! ही सोय कामापुरत्या गरजेतून निघालेली नव्हती. ती केवळ आनंदासाठी केलेली होती, आणि म्हणूनच आम्हांला ती विशेष वाटते.

जहाजावर पगारी खलाशांखेरीज सुमारे ४० जण सफरीला येत. त्यांतले निम्म्यापर्यंत शारीरिकदृष्ट्या दिव्यांग असत आणि एका वेळी आठ जण चाकांच्या खुर्चीवरचे असू शकत. प्रत्येक दिव्यांग खलाशाची जोडी एका धडधाकट खलाशाशी लावून दिली जाई. मात्र या जोडीत एक सेवक व दुसरा सेव्य असा भेद नव्हता. दोघांनाही पहाऱ्याच्या पाळ्या कराव्या लागत, शिडांचे दोर ओढावे लागत, स्वयंपाकघरात बटाटे सोलावे लागत. ज्यांची इच्छा असे त्यांना खुर्चीसह दोरांनी डोलकाठीवर चढविले जाई. सफरीला येणारा कोणीही ‘प्रवासी’ नव्हता. सगळे खलाशी होते, आणि त्यांची नोंदही खलाशी म्हणूनच होई.

पुढे संस्थेने दुसरे जहाज बांधले. ‘टेनेशस’ असे त्याचे नाव. चिवट, हार न मानणारे असा त्याचा अर्थ. १९९६ ते २००० या काळात साउदॅम्प्टनच्या वूल्स्टन भागात ते लाकडात बांधले गेले आणि व्यावसायिक सुतारांसोबत दिव्यांग व धडधाकट स्वयंसेवकांनीही त्या बांधणीत हात घातला. जे जहाज चालविणार त्यांतीलच काहींनी त्याच्या फळ्यांना रंधा मारला होता. ६५ मीटर लांबीच्या या जहाजाची पहिली सफर सप्टेंबर २००० मध्ये झाली. ‘लॉर्ड नेल्सन’ने तर २०१२ ते २०१४ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या प्रवासात ते आपल्या कोची बंदरातही आले होते.

बंद पडलेल्या कालव्यावर

इतक्या भव्य कथेमुळे कोणी दबून जाऊ नये, म्हणून आता अगदी लहान कथा सांगतो. तीही १९७८ सालचीच आहे. स्कॉटलंडमधील प्रॉटेस्टंट पाळक रेव्हरंड ह्यू मॅके यांच्या पुढाकाराने ‘सीगल ट्रस्ट’ ही संस्था सुरू झाली. समुद्र, शिडे, डोलकाठ्या यांतले काहीही तिच्यापाशी नव्हते. एडिंबरोच्या पश्चिमेला राथो नावाचे गाव आहे. त्याच्या मधून एकोणिसाव्या शतकात खोदलेला युनियन कालवा जातो. १९६५ साली हा कालवा नौकानयनासाठी बंद करण्यात आला होता. रस्ते बांधताना ठिकठिकाणी तो बुजवून त्याचे पाणी नळांतून पुढे काढलेले होते. म्हणजे दोन्हीकडून तोंडे बंद झालेला पाण्याचा एक लांब तुकडाच तेथे उरला होता. व्यापारी दृष्टीने त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

दिव्यांगांच्या सहलीसाठी मात्र असेच पाणी उत्तम! भरती-ओहोटी नाही, लाटा नाहीत, मोठ्या नौकांची वर्दळ नाही, किनारा सदैव हाताच्या अंतरावर. धक्क्याची आणि नौकेची उंची वर्षभर तीच राहते. त्यामुळे एकदा नीट फळी अथवा उतार बसविला की चाकांची खुर्ची सरळ आत जाते. ज्यांना भरसमुद्रावर नेणे खरोखरच योग्य नाही, अशा अतिवृद्ध, अतिदुर्बल किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींनाही तासा-दोन तासांची फेरी घडविता येते. झाडांच्या कमानीखालून नौका चालते, पाणबदके बाजूला सरकतात, पुलाखाली हाक मारली की प्रतिध्वनी येतो. एवढेच, पण ज्याचा दिवस चार भिंतींत जातो त्याला ‘एवढेच’ म्हणता येणार नाही.

सीगल ट्रस्टने आरंभापासून एक नियम केला: सहल विनामूल्य. देणग्या आणि स्वयंसेवक यांवर संस्था चालवायची. राथोनंतर फॉल्कर्क, कर्किंटिलॉख आणि इन्व्हर्नेस येथे तिची केंद्रे झाली. पुढे स्कॉटलंडमधील हे जुने कालवे दुरुस्त करून २००१ साली पुन्हा खुले करण्यात आले आणि दोन कालव्यांना जोडणारे, नौका चक्क उचलून वर नेणारे ‘फॉल्कर्क चक्र’ २००२ मध्ये सुरू झाले. जगाने टाकून दिलेल्या पाण्यावर ही संस्था आधी पोहोचली होती. पर्यटक तेथे नंतर आले.

इंग्लंडमधील आणखी एक उदाहरण तर गमतीदार आहे. डेव्हिड ब्रूस यांनी लंडनमध्ये मद्यगृहांची साखळी उभारली होती. १९८८ साली तो व्यवसाय विकून त्यांनी व त्यांच्या पत्नीने त्या पैशांतून ‘ब्रूस ट्रस्ट’ स्थापन केला आणि केनेट व एव्हन कालव्यावर दिव्यांगांसाठी रुंद नौका आणल्या. बिअरच्या पैशांतून असे पाणी वाहिले! या नौकांचे वैशिष्ट्य असे की त्या कुटुंबाने किंवा मित्रमंडळींनी सुटीसाठी घ्यायच्या आणि स्वतःच चालवायच्या. रुंदीलाही येथे महत्त्व आहे. इंग्लंडमधील बऱ्याच कालव्यांचे जलपाश, म्हणजे नौका चढ-उतार करणारी दारे, जेमतेम सात फूट रुंद आहेत, त्यामुळे तेथील नौकाही तेवढ्याच अरुंद असतात. अशा नौकेत एक खुर्ची आत गेली की दुसरीला वाट मिळत नाही. केनेट व एव्हन हा रुंद कालवा आहे. म्हणून तेथे रुंद नौका चालू शकली. कोणती नौका घ्यावी याचे उत्तर पुष्कळदा पाणीच देते.

सर्वांत लहान होडी

तिसरा मार्ग याहूनही लहान होड्यांचा आहे. ऑस्ट्रेलियात ख्रिस मिचेल यांनी विकसित केलेल्या, पूर्वी ‘अ‍ॅक्सेस’ व आता ‘हान्सा’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या होड्यांत खलाशी खाली, पुढे तोंड करून, झोळीसारख्या आसनात बसतो. नेहमीच्या लहान शिडाच्या होडीत वारा बदलला की या कडेवरून त्या कडेवर सरकावे लागते. येथे ती गरजच नाही. सुकाणू एका उभ्या दांडीने फिरते आणि तळाशी वजनदार पाते असल्यामुळे होडी सहजी उलटत नाही. ब्रिटनमध्ये रॉयल यॉटिंग असोसिएशनचा ‘सेलेबिलिटी’ हा कार्यक्रम अशा प्रकारच्या क्लबांना मार्गदर्शन करतो. शिडाच्या होड्यांची शर्यत २००० सालच्या सिडनी पॅरालिम्पिकपासून २०१६ च्या रिओपर्यंत पदकांच्या यादीत होती. त्यानंतर ती वगळण्यात आली, ही खेदाची गोष्ट आहे.

हिलरी लिस्टर यांचे नाव येथे घ्यावयास हवे. ऑक्सफर्ड विद्यापीठात जीवरसायनशास्त्र शिकलेल्या या स्त्रीचे शरीर एका वेदनामय आजाराने क्रमाक्रमाने निकामी होत गेले आणि अखेर केवळ डोके, डोळे व तोंड यांचीच हालचाल उरली. २००३ साली एका परिचिताने त्यांना केंट परगण्यातील एका तळ्यावर होडीत बसविले. दोनच वर्षांनी, २००५ च्या ऑगस्टमध्ये, त्यांनी एकटीने होडी हाकत इंग्लिश खाडी ओलांडली. तोंडाजवळ बसविलेल्या नळ्यांतून श्वास ओढला वा फुंकला की सुकाणू फिरे व शिडे आवळत वा सैल होत; रक्षणासाठी सोबत दुसऱ्या नौका होत्या. २००८ साली त्यांनी ब्रिटनप्रदक्षिणेचा प्रयत्न केला, तो अर्धवट राहिला. २००९ साली त्यांनी तो पूर्ण केला. आणि आम्हां पश्चिम किनाऱ्यावरील लोकांना विशेष जवळची वाटावी अशी गोष्ट म्हणजे २०१४ साली ओमानच्या नश्वा अल किंदी यांच्यासह त्यांनी मुंबईहून मस्कतपर्यंत, सुमारे ८५० सागरी मैलांचा अरबी समुद्र पार केला. २०१८ साली, वयाच्या ४६ व्या वर्षी, त्या निवर्तल्या. हे सारे एका तळ्यावरील एका दुपारपासून सुरू झाले. ती होडी तेथे नसती, तिला हाताळणारे कोणी नसते किंवा ‘‘कशाला उगाच धोका?’’ असे म्हणून कोणी थांबविले असते, तर पुढचे काहीच घडले नसते.

नोंदणी, नियम आणि पाण्यावरचे बारकावे

आता व्यवहाराकडे वळू. इंग्लंड व वेल्समध्ये अशा संस्थेची नोंदणी ‘चॅरिटी कमिशन’कडे होते, महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्त जे काम पाहतात त्याच्याशी मिळतेजुळते असे ते कार्यालय आहे. स्कॉटलंडसाठी नियामक वेगळा आहे. वार्षिक उत्पन्न ५ हजार पौंडांच्या वर गेले की नोंदणी बंधनकारक होते. घटनेत संस्थेचा हेतू स्पष्ट शब्दांत लिहावा लागतो. अपंगत्वामुळे गरजू असलेल्यांचे साहाय्य हा कायद्याने मान्य केलेला सेवाभावी हेतू आहे, पण लाभ काही मोजक्या मित्रपरिवारापुरता न राहता जनतेला मिळतो हेही दिसावे लागते. विश्वस्तांनी सर्वसाधारणपणे मानधन घ्यायचे नसते. हा भाग कंटाळवाणा खरा, पण तो कागदावर काही महिन्यांत उरकता येतो.

नौकेचे नियम अधिक काटेकोर असतात. तेथे बारा हा मोलाचा आकडा आहे. बारापेक्षा अधिक प्रवासी नेणारी नौका कायद्याच्या दृष्टीने प्रवासी जहाज ठरते आणि तिला बांधणी, खलाशी व तपासणी यांचे कडक निकष लागू होतात. म्हणून बहुतेक लहान संस्था बाराच्या आत राहतात. मात्र सहा दिव्यांग व त्यांचे सहा मदतनीस झाले की आकडा पुरा झालाच. शाळेचा तीस मुलांचा वर्ग आला तर फेऱ्या किती, हे आधीच मांडून ठेवावे लागते. नौका चालविणाऱ्यांसाठी ‘नॅशनल कम्युनिटी बोट्स असोसिएशन’चे प्रशिक्षण असते. मुले व दुर्बल प्रौढ यांच्यासोबत काम करणाऱ्या स्वयंसेवकांची गुन्हेविषयक पूर्वतपासणी केली जाते. विमा हवाच.

खरी परीक्षा मात्र धक्क्यावर होते. विजेवर चालणाऱ्या काही खुर्च्यांचे वजन, बसलेल्या व्यक्तीशिवायही, शंभर किलोहून अधिक भरते. चार जणांनी ‘हं, उचला!’ म्हणून ती उचलायची नसते. त्यात उचलणाऱ्यांची पाठ जाते आणि बसलेल्याचा जीव टांगणीला लागतो. त्यासाठी उतार किंवा यांत्रिक उद्वाहक लागतो आणि नौका पक्की बांधलेली असावी लागते. आत गेल्यावर खुर्चीची चाके अडकवायची, पण माणसाला खुर्चीशी बांधलेल्या पट्ट्यांचा विचार आधी करायचा. रस्त्यावरच्या गाडीत जो पट्टा जीव वाचवितो, तोच नौका उलटल्यास जड खुर्चीसह माणसाला तळाशी नेऊ शकतो. जीवरक्षक जाकिटाचेही तसेच आहे. ज्याची मान सावरत नाही त्याला साधे जाकीट पाण्यात पालथे ठेवू शकते. म्हणून जाणत्या संस्था अशा व्यक्तीसाठी योग्य जाकीट निवडून ते आधी पोहण्याच्या तलावात, उबदार पाण्यात, सोबतीला माणसे ठेवून पारखून पाहतात.

थंडीचा विचार आपल्याकडे सहसा सुचत नाही. जो दोर ओढतो, उठतो, बसतो, त्याचे अंग गरम राहते. जो निश्चल बसलेला असतो त्याला त्याच वाऱ्यात हुडहुडी भरते, आणि ज्याच्या पायांत संवेदना नाही त्याला आपण गारठत आहोत हे कळतही नाही. त्याच न्यायाने उन्हाचा चटकाही कळत नाही. फिट येणाऱ्यांची औषधे कोणाजवळ आहेत, कोणाला कोणत्या खुणेने ‘पुरे’ म्हणायचे असते, हे निघण्यापूर्वी विचारून ठेवावे लागते. आणि शौचालय! सहलीची सारी आखणी एका गोष्टीवर मोडू शकते, ती ही. चाकांची खुर्ची आत जाऊन वळेल असे शौचालय नौकेवर नसेल तर फेरी तासाभराची ठेवावी आणि धक्क्यावर तरी ते असावे. दिवसभर पाणी न पिता सहलीला येणारी माणसे असतात, कारण पुढची अडचण त्यांना ठाऊक असते. संस्था काढणाऱ्याने नौकेच्या रंगाआधी या दाराची रुंदी ठरवावी.

स्वयंसेवकांना गाठी मारायला शिकविणे त्यामानाने सोपे असते. कोणाशी बोलावे हे शिकविणे अवघड. बीबीसी रेडिओवर १९७७ ते १९९८ या काळात दिव्यांगांविषयी एक कार्यक्रम चाले. त्याचे नाव होते ‘डज ही टेक शुगर?’ म्हणजे ‘यांना चहात साखर चालते का?’ खुर्चीत बसलेल्या माणसाला न विचारता त्याच्या मागे उभ्या असलेल्या व्यक्तीला विचारलेला हा प्रश्न. आपल्याकडेही तो सर्रास विचारला जातो. पाहुण्यांच्या घरी, दवाखान्यात, प्रार्थनेनंतरच्या अल्पोपाहारातही. नौकेवर त्याची रूपे अनेक: ‘‘ह्यांना भीती वाटेल का?’’ ‘‘ह्यांना पुढे बसवू का?’’ चांगल्या संस्थेत नवागत स्वयंसेवकाला पहिला धडा असा मिळतो की हात लावण्यापूर्वी विचारावे आणि विचारावे त्याच व्यक्तीला. मग सुकाणू देऊ करावे. कित्येकांच्या आयुष्यात इतरांनीच त्यांची खुर्ची ढकललेली असते. एवढे मोठे लाकूड-लोखंडाचे धूड आपण उजवीकडे दांडी फिरवली म्हणून वळते, हा अनुभव त्यांच्यासाठी अगदी नवा असतो. नौका थोडी वेडीवाकडी गेली तर जाऊ द्यावी. कालव्याच्या काठाला चार ओरखडे पडले तर पडू द्यावेत. जी संस्था दिव्यांगांना केवळ बसवून फिरवून आणते तीही पुण्याचेच काम करते, परंतु आमच्या मते तिने अर्ध्यावरच थांबणे पसंत केलेले असते.

पैसा: नौकेसाठी आणि नौकेनंतर

नवी नौका घेण्यासाठी पैसा तुलनेने लवकर जमतो, असे या संस्थांच्या इतिहासावरून दिसते. देणगीदाराला नौकेवर नावाची पाटी दिसते, जलावतरणाला पाहुणे येतात, वर्तमानपत्रात छायाचित्र छापले जाते. दरवर्षीचा रंग, इंजिनाची दुरुस्ती, विम्याचा हप्ता, उद्वाहकाची तपासणी, धक्क्याचे भाडे यांसाठी मात्र कोणी फीत कापत नाही. नौका ही घरासारखी नसते; वापरली तरी झिजते आणि उभी ठेवली तर अधिकच झिजते. आपल्याकडील नाखवांना हे वेगळे सांगावयास नको.

ज्युबिली सेलिंग ट्रस्टचे पुढे काय झाले, ते आता सांगितलेच पाहिजे. दोन मोठी जहाजे, त्यांवरील पगारी खलाशी, सुक्या गोदीतील दुरुस्त्या आणि जुन्या होत चाललेल्या जहाजांचा वाढता खर्च. सफरीला येणारे शुल्क देत, गरजूंना त्यात साहाय्य मिळे. पण शुल्क एवढे वाढविता येत नव्हते की खर्च भरून निघावा, कारण मग ज्यांच्यासाठी जहाज बांधले त्यांनाच ते परवडले नसते. २०१९ साली संस्थेने जाहीर आवाहन केले की आठवड्याभरात १० लाख पौंड उभे राहिले नाहीत तर काम थांबवावे लागेल. लोकांनी त्या आठवड्यात तेवढी रक्कम जमा केली! तरीही त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘लॉर्ड नेल्सन’ला कायमचे निवृत्त करावे लागले. पाठोपाठ २०२० ची महामारी आली. ज्या सफरीत निम्मे खलाशी प्रकृतीने नाजूक आणि सारे दाटीने राहणारे, ती सफर सर्वांत आधी थांबणार हे उघडच होते. २०२३ च्या अखेरीस संस्थेचे कार्य बंद पडले.

याचा अर्थ ते स्वप्न चुकले असा आम्ही लावत नाही. १९८६ पासून तीन दशकांहून अधिक काळ त्या जहाजांवर जे घडले ते घडलेच आहे. मात्र ज्या साली ही संस्था जन्मली त्याच साली जन्मलेला सीगल ट्रस्ट आपल्या संथ कालव्यावर टिकून राहिला, आणि त्यामागचे कारण साधे आहे. नौका लहान, पाणी शांत, कामाला स्वयंसेवक, घरी जाऊन झोपणारे कर्मचारी. मग एखाद्या वर्षी देणग्या आटल्या तरी संस्था कोसळत नाही, फार तर एक नौका धक्क्याला बांधून ठेवावी लागते. विश्वस्तांनी हिशेबाच्या पहिल्याच बैठकीत विचारावयाचा प्रश्न असा: एकही सहल झाली नाही तरी वर्षाला किती खर्च येईल? त्या आकड्याला पुरेल एवढी रक्कम बाजूला काढल्याशिवाय दुसऱ्या नौकेचा विचार करू नये.

आणखी एक अडचण बहुधा पंधरा-वीस वर्षांनी डोके वर काढते. संस्थापक वृद्ध होतात. ज्यांच्या ओळखीने देणग्या येत, ज्यांना प्रत्येक इंजिनाचा आवाज पाठ असे, ते थकतात आणि त्यांच्यानंतर कोण, हे ठरलेले नसते. ब्रूस ट्रस्टने येथे समंजस वाट धरली. त्याच्या नौकांची जबाबदारी पुढे त्या कालव्याची देखभाल व प्रचार करणाऱ्या केनेट अँड एव्हन कॅनॉल ट्रस्ट या मोठ्या सेवाभावी संस्थेकडे सोपविण्यात आली. संस्थापकांचे नाव नौकांसोबत राहिले आणि देखभालीचा भार अधिक खांद्यांवर वाटला गेला. त्या नौकांवर सुकाणूपाशी जाण्यासाठी उद्वाहक आहे, जेणेकरून खुर्चीतील व्यक्तीला नौका हाकता यावी. घरातील धडधाकट मंडळी त्या वेळी काठाने चालत पुढे जाऊन जलपाशाची जड दारे ढकलून ठेवतात.